विश्लेषण : घरीच शिकून ‘पंडिता’ झालेल्या रमाबाईंनी मुलींसाठी शाळाच का उभारली?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे का, हा प्रश्न आज शहरी पालकांमध्ये पुन्हा चर्चेत आहे. सुमारे १४० वर्षांपूर्वी महाराष्ट्रात हाच प्रश्न मुलींच्या बाबतीत विचारला जात होता. मुलीने शिकावे हे मान्य असलेल्यांमध्येही तिने घरात शिकावे की घराबाहेर पडून शाळेत, यावर एकमत नव्हते. पंडिता रमाबाई कधीच शाळेत गेल्या नव्हत्या. तरी पुढे त्यांनी आयुष्य वेचले ते मुलींच्या निवासी शाळेसाठी. असे का घडले, याचा हा आढावा.

रमाबाईंचे शिक्षण कोठे झाले?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित होते. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत असल्याचे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे असे ठरवले. पुढे त्यांनी दुसऱ्या पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. त्यावरून गहजब झाला. उडुपीला धर्मपंडितांसमोर उभे राहून त्यांना शास्त्राधारे आपली बाजू मांडावी लागली.

रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले, ते पुन्हा कोठे फारसे स्थिरावले नाही. देवळात किंवा नदीकाठी पुराणे सांगायची आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची, असा त्यांचा क्रम होता. या भटकंतीतच आईने रमाबाईंना शिकवले. व्याकरण, कोश, काव्य आणि पुराणे यांचा अभ्यास होऊन भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. मोठ्या मुलीच्या बालविवाहाचा अनुभव कटू ठरल्याने आईवडिलांनी रमाबाईंचे लग्नही लहानपणी केले नाही. त्यामुळे अभ्यासात खंड पडला नाही.

या शिक्षणात उणीव कोणती होती?

मुलीला संस्कृत शिकवण्याइतके धाडस दाखवणारे अनंतशास्त्री इतर बाबतींत कर्मठ होते. मुलांचा बाहेरच्या जगाशी फार संबंध येऊ नये, असा दोघा आईवडिलांचा कटाक्ष होता. शाळा, इंग्रजी किंवा पोटापाण्याची कोणतीही विद्या मुलांना मनाने संसारात गुंतवेल, अशी त्यांना भीती वाटे. घरातले शिक्षण खोल होते, पण त्याच्या सीमा आईवडिलांनी आखलेल्या होत्या.

१८७४ नंतरच्या दुष्काळात याची जबर किंमत मोजावी लागली. मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई झाली, दक्षिणा मिळेनाशी झाली. जवळची चीजवस्तू विकून संपली. मोलमजुरीची सवय नव्हती, नोकरी मिळवून देईल अशी विद्या जवळ नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. आधी वडील, मग आई आणि मोठी बहीण असे तिघेही दगावले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडत राहिले. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ज्या विद्येने घरच्यांना अन्न मिळवून दिले नाही, तिनेच रमाबाईंचे नाव देशभर केले.

घर की शाळा, हा वाद त्या वेळी काय होता?

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो आंतरजातीय होता. १८८२ च्या सुरुवातीस पतीचेही निधन झाले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा १८४८ मध्येच सुरू केली होती. तरीही उच्चवर्णीय घरांत मुलगी शिकली तर बहुधा घरातच, तेही नवऱ्याच्या आग्रहाने. न्यायमूर्ती रानडे यांनी पत्नी रमाबाई रानडे यांना घरी शिकवले, तेव्हा घरातल्याच बायकांनी त्यांना छळले. आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणाची सुरुवातही पती गोपाळराव यांनीच करून दिली. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, सुरू झाले. त्यानंतर तेथील अभ्यासक्रम आणि शाळेची वेळ यांवर ‘केसरी’तून टीका झाली. घरकाम सांभाळून जमेल इतकेच मुलींनी शिकावे, असे मानणारा मोठा वर्ग होता.

रमाबाईंची भूमिका काय होती?

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोग पुण्यात आला, तेव्हा रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका तयार कराव्यात, त्यांना शिष्यवृत्ती आणि राहण्याची सोय द्यावी आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात अध्ययन व अध्यापन केले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे त्यांनी बालवाडीची फ्रोबेल पद्धत अभ्यासली. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी जनगणनेच्या आधारे दाखवले, की ब्रिटिश अमलाखालील सुमारे ९ कोटी ९७ लाख स्त्रिया व मुलींपैकी ९ कोटी ९५ लाख जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. शाळेत गेलेल्या मुलीही नऊ-दहा वर्षांच्या झाल्या की लग्नामुळे शाळा सोडत.

या आकड्यांतून त्यांचा मुद्दा उभा राहतो. अनंतशास्त्रींसारखा बाप मिळणे हा नशिबाचा भाग होता. बहुतेक मुलींच्या बाबतीत घर हेच शिकण्याच्या आड येत होते आणि बालविधवांना तर त्या घरातच कोंडून राहावे लागत होते. अशा मुलींना राहायला जागा, शिकवायला शिक्षिका आणि पोट भरण्याइतके कौशल्य एकत्र मिळायचे, तर निवासी शाळा हवी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ सुरू झाले ते याच विचारातून. तेथे शिकलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

मग शारदा सदनावरून वादळ का उठले?

शाळेत मुलगी आली की तिच्यावर अधिकार कोणाचा, पालकांचा की शाळेचा, हा प्रश्न लगेच पुढे आला. शारदा सदन १८९० मध्ये पुण्याला आले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या हमीवर हिंदू पालकांनी मुली पाठवल्या होत्या. मात्र काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. कोणावर सक्ती नाही आणि कोणाला मज्जावही नाही, अशी रमाबाईंची बाजू होती. पण कोवळ्या वयाच्या, आश्रित मुलींवर संचालिकेच्या आचरणाचा प्रभाव पडणारच, असे टीकाकारांचे म्हणणे होते. १८९३ मध्ये रानडे आणि रा. गो. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सुमारे २५ मुलींना पालकांनी काढून नेले.

याची दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमध्ये मनोरमेला कोणती धर्मशिकवण द्यावी, यावरून वॉन्टेज येथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा पत्रांतून मोठा वाद झाला होता. मुलीने काय शिकावे हे आई ठरवेल, यावर त्या ठाम राहिल्या. आई म्हणून त्यांनी जो हक्क सांगितला, तोच पुण्यातले पालक त्यांच्यासमोर सांगत होते. फरक इतकाच, की यातील अनेक मुली विधवा होत्या आणि घरी परतणे म्हणजे त्यांच्यासाठी बहुतेक वेळा शिक्षण संपणे होते.

शाळा न गमावता तटस्थतेची हमी कशी पाळायची, याचे उत्तर त्या वेळी निघाले नाही. कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतंत्र संस्था काढली. धर्मांतराच्या भीतीने मुली न पाठवणाऱ्या घरांना त्यामुळे पर्याय मिळाला.

पुढे काय झाले?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांनी निराधार मुलींना पुणे जिल्ह्यातील केडगावला आणले. येथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील मुली व स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. लिहिणे-वाचणे, शेती, विणकाम, शिवणकाम आणि छापखान्याचे काम तेथे शिकवले जाई. दुष्काळात स्वतःच्या कुटुंबाजवळ जे नव्हते, ते पोट भरण्याचे साधन येथे प्रत्येकीच्या हाती देण्याचा प्रयत्न होता. कामात मोठा वाटा उचलणाऱ्या मनोरमेचे १९२१ मध्ये निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या.

आजच्या वादाशी याचा संबंध काय?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटातील मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आणि पाल्याला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले. घरच्या शिक्षणासाठी त्यात वेगळी तरतूद नाही. घरी शिकणारी अनेक मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी-बारावीची परीक्षा देतात.

घरी शिकवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना रमाबाईंचे उदाहरण उपयोगी आहे. वेळ देणारे, जाणकार आईवडील असतील तर मूल किती पुढे जाऊ शकते, हे त्यातून दिसते. पण त्यांच्याच आयुष्यातून तीन प्रश्नही उरतात. आईवडिलांना जे नको आहे, ते मुलाला कोण शिकवणार? ज्या घरात शिकवणारे कोणी नाही, तेथील मुलांचे काय? आणि शाळेने पालकांना दिलेला शब्द पाळला की नाही, हे कोण पाहणार? पहिल्या दोन प्रश्नांमुळे शाळेची गरज पटते, तर तिसरा शाळेलाही जबाबदार धरतो. घर की शाळा यातील निवड करताना या तिन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.