संत इग्नेशियस लोयोला : पॅरिसमधील एक प्रौढ विद्यार्थी

३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण साजरा करते. येशूसंघाचे संस्थापक म्हणून ते आपणांस परिचित आहेत. १५२१ साली पाम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्याने पाय मोडलेला सरदार, आजारपणात संतचरित्रे वाचून झालेले त्याचे परिवर्तन आणि मानरेसा येथील तपश्चर्या हा कथाभाग धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनाही ठाऊक असतो. सेमिनरीत आम्हांला हे चरित्र शिकविले गेले तेव्हाही भर त्यावरच होता. त्यानंतरची अकरा वर्षे, म्हणजे १५२४ ते १५३५ हा काळ, दोन-चार वाक्यांत आटोपला जाई. ह्या काळात इग्नेशियस विद्यार्थी होते आणि त्यातील सात वर्षे त्यांनी पॅरिससारख्या महागड्या शहरात काढली. ज्यांची मुले जूनमध्ये गाव सोडून मोठ्या शहरात शिकावयास गेली आहेत आणि जे खोलीच्या भाड्याची व खानावळीच्या पैशांची जुळवाजुळव करीत आहेत, त्यांना हा भाग विशेष जवळचा वाटेल.

पवित्र भूमीची यात्रा करून १५२४ साली परतल्यावर इग्नेशियस ह्यांना कळून चुकले की, लोकांच्या आत्म्यांची सेवा करावयाची तर विद्या हवी. तिशी ओलांडलेला हा गृहस्थ बार्सिलोनात लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिन व्याकरण घोकू लागला. क्रियापदे पाठ करावयास बसले की मनात भक्तीचे उमाळे येत व अभ्यास बाजूला पडे. प्रार्थनेच्या वेळी मात्र असे उमाळे येत नसत. तेव्हा हा मोह आहे हे त्यांनी ओळखले, गुरुजींना चर्चमध्ये नेऊन सारे सांगितले आणि दोन वर्षे वर्ग चुकविणार नाही असे वचन दिले. पुढे आल्काला व सालामांका येथील विद्यापीठांत ते गेले. परंतु पदवी नसताना धर्मविषयक उपदेश करतात ह्या संशयावरून त्यांना दोन्ही ठिकाणी कैद झाली, आल्कालात बेचाळीस दिवस व सालामांकात बावीस दिवस. दोन्ही वेळा त्यांच्या शिकवणुकीत दोष आढळला नाही. तरीही अभ्यास पूर्ण होईपर्यंत बोलण्यावर बंधने आली. अखेर त्यांनी पॅरिसला जाण्याचे ठरविले.

बार्सिलोनातील स्नेही मंडळींनी त्यांना परोपरीने अडविले. स्पेन व फ्रान्स ह्यांच्यात युद्ध चालू होते आणि फ्रेंच लोक स्पॅनिश माणसांना सळईवर भाजतात अशा भयंकर वार्ता पसरल्या होत्या. इग्नेशियस डगमगले नाहीत. भर हिवाळ्यात, एका पायाने लंगडत, हजार किलोमीटरच्या आसपासची वाट एकट्याने पायी तुडवून ते २ फेब्रुवारी १५२८ रोजी पॅरिसला पोहोचले. सालामांकातील तीन सोबत्यांना त्यांनी मागेच ठेविले होते. पॅरिसमध्ये त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय झाली की त्यांना बोलावून घ्यावयाचे, असा बेत होता.

आरंभ बरा झाला. बार्सिलोनाहून आणलेली हुंडी वटवून त्यांना पंचवीस एस्कुदो मिळाले. स्वतःजवळ पैसे बाळगणे त्यांना नको वाटे, म्हणून उताऱ्याच्या ठिकाणी राहणाऱ्या एका स्पॅनिश विद्यार्थ्याकडे त्यांनी ती रक्कम विश्वासाने ठेविली. त्या तरुणाने थोड्याच दिवसांत सारी खर्चून टाकली. परत करण्यास त्याच्यापाशी काहीही उरले नाही. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ संपेपर्यंत इग्नेशियस निष्कांचन झाले व त्यांना बिऱ्हाड सोडावे लागले.

आता राहावयाचे कोठे? सेन नदीच्या पलीकडे, यात्रेकरूंसाठी असलेल्या संत याकोबाच्या धर्मशाळेत त्यांना आसरा मिळाला. पण ते ज्या माँतेग्यू कॉलेजात लॅटिन शिकत होते, ते नदीच्या अलीकडे टेकडीवर होते. तेथील वर्ग पहाटे, उजाडण्यापूर्वीच सुरू होत. धर्मशाळेचा दरवाजा मात्र उजाडल्याखेरीज उघडत नसे आणि सायंकाळी आवे मारियाच्या घंटेपूर्वी आत न परतल्यास बाहेरच राहावे लागे. सकाळचे पाठ बुडत, सायंकाळचेही बुडत आणि मधला वेळ भिक्षा मागण्यात जाई. स्वस्त जागा दूर मिळते व त्या अंतराची किंमत अभ्यासाला द्यावी लागते, हा हिशेब विरार-चर्चगेट लोकलने रोज प्रवास करणाऱ्या आपल्या मुलांना कोणी समजावून सांगावयास नको.

इतर काही गरीब विद्यार्थी एखाद्या अध्यापकाच्या घरी गडी म्हणून राहून शिकत. इग्नेशियस ह्यांनीही तसे काम शोधले. मालकाच्या ठायी ख्रिस्ताला व सोबतच्या विद्यार्थ्यांच्या ठायी प्रेषितांना पाहावयाचे, अशी मनाची तयारीही त्यांनी करून ठेविली होती. परंतु पुष्कळ खटपट करूनही त्यांना कोणी ठेवून घेईना. शेवटी एका स्पॅनिश मठवासीयाने व्यवहारी सल्ला दिला : रोज दारोदार हिंडण्यापेक्षा वर्षातून दोन महिने फ्लँडर्सला जावे, तेथील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून वर्षभराची बेगमी करावी आणि उरलेला काळ निश्चिंतपणे शिकावे. त्याप्रमाणे ते ब्रुज व अँटवर्प येथे जाऊ लागले. तिसऱ्या खेपेला, १५३१ साली, ते लंडनपर्यंत गेले व तेथे आधीच्या वर्षांपेक्षा अधिक भिक्षा मिळाली. त्यानंतर व्यापारीच पॅरिसला हुंड्या पाठवू लागले.

पैसे उडविणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले? स्पेनला परत जाताना तो रुआँ येथे आजारी पडला व त्याने इग्नेशियस ह्यांनाच पत्र धाडले. ते अनवाणी, अन्नपाण्याशिवाय चालत तीन दिवसांत रुआँला पोहोचले, त्याला धीर दिला, स्पेनला जाणारे जहाज मिळवून दिले आणि सालामांकातील सोबत्यांच्या नावे पत्रेही दिली. ते तिघे सोबती मात्र पॅरिसला कधीच आले नाहीत. त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था करणे इग्नेशियस ह्यांना जमले नाही आणि ते आपापल्या वाटेने निघून गेले.

फ्लँडर्सच्या मदतीने डोक्यावरील भार हलका झाल्यावर ऑक्टोबर १५२९ मध्ये ते सांत बार्ब कॉलेजात राहावयास गेले. तेथे खोलीत दोन तरुण होते. दोघेही १५०६ साली जन्मलेले, म्हणजे इग्नेशियस ह्यांच्यापेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी लहान. पीटर फेबर हे सावॉयच्या डोंगरात मेंढरे राखून आलेले. नवारचे फ्रान्सिस झेवियर सरदारघराण्यातील, परंतु युद्धात घराची दैना झालेली. इग्नेशियस ह्यांना ॲरिस्टॉटल समजावून देण्याचे काम फेबर ह्यांच्याकडे आले. लवकरच दोघांचे जेवण एक झाले, पैशांची पिशवीही एक झाली. झेवियर सुरुवातीला ह्या वयस्क भिक्षेकऱ्याची थट्टा करीत. परंतु त्यांच्याही अडचणीत इग्नेशियस ह्यांनी स्वतः व मित्रांकरवी पैशाची मदत केली आणि १५३५ साली झेवियर ह्यांनी आपल्या भावाला पत्रातून ते कृतज्ञतेने कळविले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, मोंमार्त्रच्या टेकडीवरील कपेलात सात मित्रांनी व्रते घेतली. येशूसंघाचे बीज तेथे रुजले.

ह्या कॉलेजचे प्रमुख दियोगो द गुव्हेया ह्यांनी एकदा, विद्यार्थ्यांना अभ्यासापासून वळवितात म्हणून, इग्नेशियस ह्यांना सर्वांसमक्ष फटके मारण्याचे ठरविले होते. भेट झाल्यावर त्यांचा राग निवळला. पुढे ह्याच गुव्हेयांनी पोर्तुगालच्या राजाकडे ह्या मित्रमंडळाची भारतासाठी शिफारस केली. ६ मे १५४२ रोजी संत झेवियर गोव्याला उतरले व नंतर आपल्या वसईतही येऊन गेले, त्याच्या मुळाशी सांत बार्बमधील ही ओळख आहे.

पदवीही फुकट मिळत नसे. परीक्षा, शुल्क, मेजवान्या, प्रत्येक टप्प्यावर पैसे मोजावे लागत. जून १५३३ मध्ये इग्नेशियस ह्यांनी बार्सिलोनातील इनेस पास्कुआल ह्या उपकारकर्तीला लिहिले की, पदवीपायी ऐपतीबाहेर खर्च झाला असून आपण अडचणीत आहोत. पदवीचे प्रमाणपत्र मार्च १५३५ चे आहे. तोवर प्रकृती पार ढासळली होती. पोटातील कळांनी ते बेजार होत. मायभूमीचे हवापाणी हाच उपाय, असे वैद्यांनी सांगितले. पायी आलेले इग्नेशियस मित्रांनी घेऊन दिलेल्या लहानशा घोड्यावर बसून पॅरिसमधून निघाले.

येशूसंघाला १५४० साली मान्यता मिळाली आणि संघाची घटना लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. दारिद्र्यव्रताविषयी ते अत्यंत कठोर होते. व्रतबद्ध गुरूंच्या निवासांना कायमचे उत्पन्न नसावे, असा नियम त्यांनी घातला. विद्यार्थी राहतील त्या कॉलेजांना मात्र त्यांनी त्यातून वगळले. कॉलेजांना निश्चित उत्पन्न असावे, शिकणाऱ्याला अन्नासाठी हिंडावे लागू नये आणि अभ्यासाच्या काळात प्रार्थना व देहदंडही बेताचेच असावेत, असे त्यांनी ठरविले. १५४७ साली कोइंब्रा येथील तरुण संघबंधूंना लिहिलेल्या पत्रातही त्यांनी अतिरेकी तपश्चर्येपासून सावध केले. माझ्या मते हे नियम माँतेग्यूच्या वाटेवरच घडले होते.

१५४८ साली मेसिनाला व फेब्रुवारी १५५१ मध्ये रोमला येशूसंघाचे कॉलेज उघडले. रोमच्या कॉलेजच्या दारावर व्याकरण, साहित्य व ख्रिस्ती धर्मतत्त्वे येथे विनामूल्य शिकविली जातात, अशी पाटी होती. फ्रान्सिस बोर्जिया ह्यांनी दिलेले पैसे पुरेनात आणि कर्ज वाढत गेले. तरी फी सुरू झाली नाही. ३१ जुलै १५५६ रोजी देवाघरी जाईपर्यंत इग्नेशियस त्या कॉलेजसाठी राजेरजवाड्यांकडे व धनिकांकडे मदत मागत राहिले.