मुक्काम पोस्ट नळदुर्ग

चार बाइक, सात जण आणि पुणे-हैदराबाद-हंपी असा नऊ दिवसांचा प्लॅन. पहिला मुक्काम नळदुर्गला टाकायचा हा हट्ट माझा. त्यावरून मेसमध्ये दोन दिवस माझी यथेच्छ टिंगल झाली, कारण बाकीच्यांना एका दमात हैदराबाद गाठायचं होतं. पण पहाटे पाचला पुणं सोडून इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ करत सोलापूर आलं, तिथे शेंगाचटणी आणि कडक भाकरी पोटात गेली, आणि पुढचे पंचेचाळीस किलोमीटर संपेस्तोवर सगळ्यांच्या पाठीने मतदान करून टाकलं होतं. नळदुर्गला थांबायचं, एकमताने!

माझ्या हट्टामागे एक माणूस होता. कर्नल फिलिप मेडोज टेलर. आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' नावाचं जाडजूड पुस्तक होतं, ते मी नववीत वाचलं होतं. रुमालाने गळा आवळून वाटसरूंना मारणाऱ्या अमीर अलीची ती गोष्ट. लेखक कोणीतरी लंडनमध्ये बसून लिहिणारा असणार असं मी धरून चाललो होतो. हा गृहस्थ आपल्या तुळजापूर-नळदुर्गच्या मातीत वर्षानुवर्षे राहिलेला आहे, हे फार नंतर कळलं.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, लिव्हरपूलचा. घरी पैशांची ओढाताण. पंधराव्या वर्षी त्याला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला धाडलं, पुढेमागे भागीदारी मिळेल या आशेवर. इथे उतरून बघतो तर पेढीच डबघाईला आलेली! आपण ज्या वयात दहावीचे क्लास लावतो त्या वयात हा पोरगा परक्या देशात, खिसा रिकामा, अशा अवस्थेत उभा होता. मुंबई सरकारात नात्यातले एक मोठे अधिकारी होते, त्यांनी १८२४ मध्ये त्याला निजामाच्या फौजेत लावून दिलं. लक्षात घ्या, कंपनी सरकारच्या नव्हे, निजामाच्या. हा फरक त्याला आयुष्यभर नडला. कंपनीचे साहेबलोक निजामाच्या चाकरीतल्या गोऱ्याला आपल्या पंगतीतला मानत नसत.

त्याने एक गोष्ट मात्र पटकन केली. भाषा शिकला. औरंगाबादच्या छावणीत हिंदुस्थानी, मग मराठी. विशी गाठायच्या सुमारास त्याला निजामाच्या मुलखात पोलिसाचं काम मिळालं आणि मुक्काम होता तुळजापूर. घोड्यावर बसून गावोगाव फिरायचं, दरोडेखोर पकडायचे, भांडणं मिटवायची. वाटसरू गायब होतात, कुठे कुठे प्रेतं सापडतात, हे त्याच्या कानावर येत होतं. आपण शोध लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात आपल्याला पलटणीत परत बोलावलं, आणि ठगांचा छडा लावल्याचं श्रेय स्लीमनला गेलं, ही रुखरुख त्याला शेवटपर्यंत होती. पुढे हैदराबादला माफीच्या साक्षीदार झालेल्या ठगांचे जबाब त्याने स्वतः ऐकले, आणि त्यातून १८३९ मध्ये ते पुस्तक आलं. व्हिक्टोरिया राणीने म्हणे छपाईचे कच्चे फर्मेच मागवून वाचले.

१८३२ मध्ये त्याने मेरी पामरशी लग्न केलं. ती हैदराबादच्या विल्यम पामर या सावकाराची मुलगी, आणि पामरची आई हिंदुस्थानी बेगम. म्हणजे टेलरच्या घरातच हिंदुस्थान होता. मेरी १८४४ मध्ये गेली. त्याने पुन्हा लग्न केलं नाही.

आता नळदुर्ग. निजामाकडे फौजेच्या खर्चाचं कर्ज थकलं, म्हणून १८५३ च्या तहाने डलहौसीने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात घेतला. टेलर नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर झाला. वय ४५. मुलकी कारभाराची परीक्षा नाही, पदवी नाही. कायदा, जमीन मोजणी, भूगर्भशास्त्र, सगळं पुस्तकं आणून स्वतः शिकलेला. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला थिओडोलाइट लेव्हल करताना ज्यांची फे फे उडते त्यांनी (म्हणजे आम्हीच!) याचा जरूर विचार करावा. तो किल्ल्यातच राहायचा. आणि राहायला त्याला जागा काय मिळाली बघा...

बोरी नदी या किल्ल्याला वळसा घालून जाते. आदिलशाहीत तिच्यावर दगडी धरण बांधून मुख्य किल्ला आणि पलीकडचं रणमंडळ जोडलं. पाणीही साठलं, खंदकही झाला. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, या धरणाच्या पोटातच महाल काढला, तोच पाणी महाल. पावसाळ्यात जादा पाणी दोन सांडव्यांतून खाली पडतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा परतीच्या पावसाने दोन्ही धो धो वाहत होते. महालाच्या सज्जात उभं राहिलं की समोरून पाणी कोसळतंय आणि आपण कोरडे! आमच्यातला एकटा सिव्हिलवाला तिथून हलेचना. स्पिलवेचा चाप्टर त्याला चारशे वर्षांपूर्वीच्या दगडांनी शिकवला. उपळी बुरजावरच्या तोफा बघायला आम्ही त्याला अक्षरशः ओढत नेलं.

इथून टेलर निघाला तो १८५७ च्या पावसाळ्यात. उत्तरेत उठाव पेटला होता आणि त्याला हुकूम आला, ताबडतोब बुलढाण्याला जा, वऱ्हाड शांत ठेव, फौज मात्र मिळणार नाही. नळदुर्ग ते बुलढाणा आजच्या रस्त्यानेही साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. आमच्याकडे जीपीएस, हेल्मेट, पेट्रोलपंप. त्याच्याकडे चिखलाच्या वाटा, आणि पुढच्या गावात आपलं स्वागत होईल की मुडदा पडेल याची खात्री नाही. तो पोहोचला, आणि वऱ्हाड बंदुकीशिवाय शांत राहिलं. लोकांची भाषा येणं ही किती मोठी ताकद असते ते इथे दिसतं.

इथपर्यंत वाचून टेलर फार थोर वाटायला लागतो. मलाही वाटला होता. मग सुरपूर येतं.

सुरपूर (इंग्रज शोरापूर म्हणत) हे बेडरांचं संस्थान, आज कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात. नळदुर्गच्या आधी दहा-बारा वर्षं टेलर तिथे होता. राजा व्यंकटप्पा नायक तेव्हा लहान मूल, आणि टेलर त्याचा पालक. मुलगा त्याला अप्पा म्हणायचा. टेलरने त्याला शिकवलं, वाढवलं, त्याच्या राज्याचं कर्ज फेडलं. त्याने बांधलेली टेलर मंझील सुरपूरला अजून उभी आहे. आणि १८५८ मध्ये हाच व्यंकटप्पा इंग्रजांविरुद्ध उठला. हरला, हैदराबादला पकडला गेला, फाशीची शिक्षा झाली. टेलर त्याला कैदेत भेटला, शिक्षा कमी करून घेण्यासाठी धडपडला. ती कमी होत होत चेंगलपेटच्या किल्ल्यात चार वर्षं कैद इथवर आली. तिकडे नेत असताना वाटेतच पिस्तुलाची गोळी लागून राजा मेला. बरोबरच्या अधिकाऱ्याचं पिस्तूल घेऊन त्याने स्वतःवर झाडली असं टेलर लिहितो. राजा चोविसाव्या वर्षी मरेल असं एका ज्योतिषाने टेलरला फार पूर्वी सांगून ठेवलं होतं, आणि तसंच झालं, असंही तो लिहितो. ज्योतिषाचं राहू द्या. पण ज्या सरकारने मुलासारखा वाढवलेला पोरगा कैदेत टाकला, त्याच सरकारची चाकरी टेलर पुढेही करत राहिला. कर्नाटकात व्यंकटप्पाला स्वातंत्र्यवीर मानतात. रात्री लॉजवर यावरून आमच्यात जोरदार वाद झाला. एकाचं म्हणणं, टेलरने तेव्हाच राजीनामा द्यायला हवा होता. दुसरा म्हणाला, मग राजाची फाशी कोणी कमी केली असती? मला दोघांचंही पटत होतं, आणि सकाळी सहाला निघायचं होतं.

१८६० मध्ये तब्येत ढासळल्यामुळे टेलर मायदेशी गेला. त्याच वर्षी इंग्रजांनी नळदुर्ग निजामाला परत केलं. पुढे जिल्ह्याचं ठाणं धाराशिवला गेलं आणि नळदुर्ग हायवेवरचं एक गाव होऊन बसलं. टेलर डब्लिनजवळ राहून कादंबऱ्या लिहीत बसला. १८६३ ची 'तारा' ही शिवाजी महाराजांच्या आणि अफझलखानाच्या काळातली, आणि तिची नायिका चक्क तुळजापूरची मुलगी. आयर्लंडच्या थंडीत बसून त्याला भवानीचं देऊळ दिसत होतं म्हणायचं.

१८७५ मध्ये दृष्टी जात चाललेली असताना तो पुन्हा हैदराबादला आला. इथे तापाने गाठलं, आणि परतीच्या वाटेवर १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधल्या मेंतों इथे तो वारला. आत्मचरित्र लिहून झालेलं होतं. मुलगी ॲलिसने ते पुढच्या वर्षी छापलं. त्यात नळदुर्गचा काळा कातळ, बोरीचं वळण आणि धरणाच्या पोटातल्या त्या महालाचं वर्णन आहे, आणि जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरनेही पुढे त्यातूनच उतरवून घेतलं.