मुक्कामावर भेटलेला सोबती

मुंबईच्या उपनगरांत रविवारची पहाट अलीकडे सायकलींच्या घंटीने उजाडते. मुलुंड आणि घाटकोपरचे सायकलस्वार ठाण्याच्या खाडीकडे निघतात, बोरिवली आणि अंधेरीचे घोडबंदरची वाट धरतात. शंभर किलोमीटरचा पल्ला मारून दुपारपर्यंत घरी परतणारी ही मंडळी एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो अंतराचा. किती झाले? वेग किती पडला? कुठे थांबलात, आणि थांबला तेव्हा सोबत कोण होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. याच मुंबईतून सायकलवर जगप्रवासाला निघालेल्या फ्रामरोझ दावर यांचे आयुष्य मात्र या न विचारलेल्या प्रश्नाभोवतीच फिरते.

दावर हे मुंबईचे पारशी गृहस्थ, व्यवसायाने क्रीडा पत्रकार. इतरांचे पराक्रम वाचकांपर्यंत पोहोचवणे हे त्यांचे रोजचे काम. तिशीच्या आसपास असताना, १९२४ साली, त्यांनी स्वतःच सायकलवर मांड ठोकली आणि ते एकट्याने जगप्रवासाला निघाले. घरी परतायला त्यांना १९३१ साल उजाडले. या काळात त्यांनी बावन्न देश पालथे घातले आणि सुमारे १,१०,००० किलोमीटर अंतर कापले.

त्या काळच्या मुंबईला हे वेड अगदीच अपरिचित नव्हते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमान कपाडिया ही त्यांची नावे. बगदाद ते अलेप्पो हे ९५६ किलोमीटरचे वाळवंट त्यांनी तेवीस दिवसांत पार केले. पुढे कोणी वैयक्तिक अडचणीमुळे तेहरानहून माघारी वळला, कोणी अमेरिकेत स्थायिक झाला. १९२८ च्या मार्चमध्ये हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघेच मुंबईत परतले. सहा मित्रांनी एकत्र सुरू केलेला प्रवास तिघांनी संपवला. दावर यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. ते निघाले एकटे आणि त्यांना सोबत मिळाली ती वाटेत.

ही सोबत मिळाली व्हिएन्नात. मुंबईहून निघालेल्या एकट्या स्वाराची तिथे गुस्ताव स्ताव्यानिक या ऑस्ट्रियन तरुणाशी गाठ पडली. गुस्तावही सायकल घेऊन त्यांच्याबरोबर निघाला आणि दोघांची जोडी जमली ती पुढच्या अनेक वर्षांसाठी. त्या वेळचे व्हिएन्ना डोळ्यांसमोर आणले की या मैत्रीचे वेगळेपण ध्यानात येते. ज्या साम्राज्याची ती वैभवशाली राजधानी होती ते १९१८ साली लयाला गेले होते. युद्धानंतरच्या भयंकर महागाईने सामान्य माणसाची शिल्लक मातीमोल केली होती. इकडे दावर हे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. स्वतःचे निशाण नसलेल्या देशाचे नागरिक. एकाच्या देशाने नुकतेच साम्राज्य गमावले होते, तर दुसऱ्याचा देश साम्राज्याच्या जोखडातून सुटू पाहत होता. भाषा, धर्म, आहार, सारेच भिन्न. तरीही दोन सायकली एकाच वाटेला लागल्या.

एकट्याने प्रवास करणाऱ्याला चाकावर असताना सोबतीची उणीव फारशी जाणवत नाही. पायडल मारणे हे शेवटी ज्याचे त्यालाच करावे लागते. उणीव जाणवते ती थांबल्यावर. परक्या गावात सायकल आणि सामान कोणाच्या भरवशावर टाकायचे? अंगात ताप भरला तर पाणी कोणी द्यायचे? डोळा लागला तर राखण कोणी करायची? एकट्याला पुरती विश्रांती अशी मिळतच नाही. तो थांबतो तेव्हाही जागाच असतो. दोघे असले की एक झोपू शकतो. व्हिएन्नानंतरच्या प्रवासाचा विचार करताना हा साधा फरक विसरून चालत नाही.

कारण त्यानंतर या जोडीने जे मार्ग निवडले ते सायकलीसाठी नव्हतेच. त्यांनी सहारा वाळवंट ओलांडले, दक्षिण अमेरिकेत जाऊन अँडीज पर्वत चढला आणि अ‍ॅमेझॉनचे अरण्य पार केले. सहारातून पहिली मोटार-मोहीम पार पडली त्याला त्या वेळी जेमतेम काही वर्षे झाली होती. सित्रोएन कंपनीच्या पट्ट्यांच्या गाड्या डिसेंबर १९२२ मध्ये तुगुर्तहून निघून जानेवारी १९२३ मध्ये टिंबक्टूला पोहोचल्या होत्या. जिथे रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या मोटारींची कसोटी लागली, तिथे दोन माणसे दोन अरुंद चाकांवर उतरली. मऊ वाळूत सायकल चालत नाही, ती ढकलावी लागते. पाणी आणि अन्न लादलेल्या सायकलीचे ओझे अशा वेळी वाहनाच्या बाजूने नसते, माणसाच्या बाजूने असते. वाळवंटात दुपारी थांबणे ही चैन नसून जगण्याची अट असते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात उलट तऱ्हा. तिथे पाणी उदंड आणि वाट नाही. पाऊस, चिखल, नद्या आणि हिवतापाचे डास ठरवतील तेव्हा थांबायचे आणि ते सोडतील तेव्हा निघायचे.

त्या काळच्या सायकलीही आजच्यासारख्या नव्हत्या. पोलादी सांगाडा, जड चाके, बहुधा एकच गिअर. चढावर दात्यांवरून साखळी सरकवणारी गिअरयंत्रणा तेव्हा सर्रास नव्हती; टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीने तिला परवानगी दिली ती १९३७ साली. त्यामुळे लांबच्या प्रवासात विसाव्याचा दिवस हा खरे तर कामाचाच दिवस असे. साखळी काढून राॅकेलमध्ये धुवायची, चाकांच्या तारा ताणून घ्यायच्या, ट्यूबची पंक्चरे काढायची, कपडे धुवायचे, घरी पत्रे लिहायची, पुढच्या देशाच्या परवान्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या. एवढे आटोपून उरलेल्या वेळात पायांना आराम. दुखावलेले स्नायू भरून येतात ते सायकल चालवताना नव्हे, थांबल्यावर.

शर्यतीच्या जगालाही हे सत्य लवकर उमगले होते. १९०३ सालची पहिली टूर द फ्रान्स अवघ्या सहा टप्प्यांची होती, पण ती १ ते १९ जुलै अशी चालली. टप्प्यांच्या मध्ये विश्रांतीचे दिवस होते. दावर निघाले त्या १९२४ सालच्या शर्यतीत ५,४२५ किलोमीटरचे अंतर पंधरा टप्प्यांत विभागलेले होते आणि एका टप्प्यानंतर एक दिवस आराम असा क्रम होता. जगातले सर्वांत कणखर स्वार दिवसाआड विसावत होते.

दावर यांच्या आकड्यांकडे या नजरेने पाहिले की त्यांचा अर्थ बदलतो. सात वर्षांत १,१०,००० किलोमीटर म्हणजे दिवसाला सरासरी त्रेचाळीस किलोमीटर. बोरिवलीहून निघालेला हौशी स्वार एवढे अंतर न्याहारीपूर्वी कापतो. आधीच्या सहाजणांच्या मोहिमेचा हिशेबही तसाच येतो. ७१,००० किलोमीटरसाठी चार वर्षे आणि पाच महिने, म्हणजे दिवसाला सुमारे चव्वेचाळीस. ही सरासरी दुर्बळतेची खूण नव्हे. चांगल्या रस्त्यावर दिवसाकाठी नव्वद किलोमीटर जाणाऱ्या माणसाची सरासरी त्रेचाळीसवर येते, याचा अर्थ त्याचे निम्म्याहून अधिक दिवस चाकांवर गेलेच नाहीत. ते गेले आजारपणात, परवान्यांच्या प्रतीक्षेत, बोटींवर, दुरुस्तीत, अनोळखी माणसांच्या पाहुणचारात. सात वर्षांच्या या प्रवासाचा मोठा हिस्सा थांबण्यात गेला; आणि त्या थांबण्यात शेजारी कोणीतरी होते.

दावर परतले तोवर मुंबई बदलली होती. ते निघाले तेव्हा उपनगरांत वाफेची गाडी धावत होती. फेब्रुवारी १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि जानेवारी १९२८ मध्ये ती पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत पोहोचली. जुहूला विमानतळ झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली विलेपार्ल्याची छावणी गाजली आणि मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. देश अशा उलथापालथीत असताना बावन्न देश पाहून आलेला एक सायकलस्वार लोकांच्या स्मरणात फार काळ टिकला नसेल, तर त्यात नवल नाही. दावर यांनी आपल्या सहारा आणि अ‍ॅमेझॉनच्या प्रवासावर इंग्रजीत पुस्तके लिहिली. पुढे १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे आणखी तीन पारशी तरुण मुंबईहून निघाले आणि १९४२ साली, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना परतले. त्यानंतर ही सारी नावे विस्मृतीत गेली. अलीकडच्या काळात गोव्यातील सायकलपटू अनूप बबानी यांनी जुनी पुस्तके आणि छायाचित्रे धुंडाळून त्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा ती पुन्हा चर्चेत आली.

या स्मरणातही अंतराचे आकडे पुढे राहतात आणि गुस्ताव स्ताव्यानिक एका ओळीत आटोपतो. परंतु दावर यांच्या चरित्रातून ती ओळ काढून घेतली तर मागे काय उरेल, याचा विचार करून पाहावा. सहारासारख्या वाळवंटात एकट्या माणसाला आलेला साधा तापही त्याच्या प्रवासाचा शेवट ठरू शकला असता. दावर यांचे धाडस मुंबईतून निघताना त्यांच्यापाशीच होते. ते पुरे व्हायला जे हवे होते ते मात्र त्यांना रस्त्यात, मुक्कामावर मिळाले.

जुना घोडबंदर रस्ता आज अंधेरी आणि बोरिवलीतून स्वामी विवेकानंद मार्ग म्हणून जातो, तर घाटकोपर आणि मुलुंडमधून जाणारा जुना आग्रा रस्ता लालबहादूर शास्त्री मार्ग या नावाने ओळखला जातो. मुंबई बेटातून उत्तरेकडे निघणाऱ्याला त्या काळी हेच दोन मार्ग होते. आता तिथे सिग्नलवर ताटकळावे लागते. अशाच एखाद्या सिग्नलवर, पाय टेकून, मागे पडलेल्या मित्राची वाट पाहणारा स्वार घड्याळाकडे बघून अस्वस्थ होतो. त्याने अस्वस्थ होण्याचे कारण नाही. फ्रामरोझ दावर यांचा सर्वांत लांब पल्लाही अशाच एका थांब्यावर सुरू झाला होता.