नाणी तोलणारे गणिती

वेल्ह्याच्या शाखेत असताना चिल्लर मोजून हात काळे व्हायचे. झिजलेलं नाणं मी बाजूला सारायचो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी मात्र झिजेवरूनच इतिहास मांडला. नाणं जितकं जास्त फिरतं तितकं वजन घटतं, एवढ्याशा गोष्टीवरून तक्षशिलेच्या आहत नाण्यांचा कालक्रम त्यांनी लावला.

जन्म १९०७, गोव्यात. १९२९ ला हार्वर्डची पदवी. पुढे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक, १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. डेक्कन क्वीनने ये-जा.

१९४३ मध्ये त्यांचा एक शोधनिबंध आला. वेडीवाकडी, अनिश्चित वक्ररेषा परस्परांना लंब अशा फलनांच्या बेरजेत मांडायची, हा विषय. लंब म्हणजे काय? भोरच्या आपल्या सोसायटीचा ताळेबंद मी लिहितो, त्यात एका खात्याची रक्कम दुसऱ्यात मोजली जात नाही, तसंच. मोजकी मोठी पदं घेतली की उरलेली सोडली तरी चित्र जवळजवळ पुरं होतं. नंतर कारहुनेन आणि लोएव्ह यांनी हेच स्वतंत्रपणे मांडलं. नाव त्या दोघांचंच रूढ झालं. जमा एकाची, पावती दुसऱ्याच्या नावे. बँकेत हे चाललं नसतं!

१९६२ ला संस्थेतला करार संपला, तो वाढवला गेला नाही. २९ जून १९६६ ला पुण्यात, ५८ व्या वर्षी ते गेले. टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं २००८ साली. मी ते जपून ठेवलंय, ज्याला पाहायचं त्याने घरी यावं.