बॉयलरचं यंत्र आणि माणसाचा श्वास

सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोटातलं बाळ येतं. पण आज आयसीयूमध्ये हेच मशीन पेशंटच्या खाटेपाशी आणतात आणि त्याचा श्वासाचा स्नायू किती दमदार आहे ते बघतात. गंमत म्हणजे हे यंत्र मुळात डॉक्टरांचं नव्हतंच, ते आपल्या लोकांचं होतं! वेल्डिंगमधली चीर शोधणारा अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्टर मेकॅनिकलवाल्यांना माहीत असेलच. त्याला दवाखान्याची वाट दाखवणाऱ्यांत एक मोठं नाव आहे डॉ. इयान डोनाल्ड. मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण त्यांची सुरुवातही श्वासापासूनच झाली होती.

डोनाल्ड यांचा जन्म १९१० साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. घराणं मात्र स्कॉटिश, वडील डॉक्टर. पुढे कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेलं. १९२७ मध्ये आई घटसर्पाने गेली आणि काही महिन्यांतच वडीलही गेले. केपटाऊनला त्यांनी कला शाखेची पदवी घेतली आणि मग लंडनला येऊन सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये ते डॉक्टर झाले, १९३७ साली. म्हणजे गडी आधी आर्ट्सचा, मग मेडिकलचा आणि मनाने पक्का इंजिनिअर!

दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल एअर फोर्समध्ये डॉक्टर होते. बॉम्ब असलेल्या जळत्या विमानातून त्यांनी वैमानिकांना बाहेर काढलं, त्याबद्दल त्यांना १९४६ मध्ये एमबीई हा किताब मिळाला. याच काळात रडार आणि सोनार त्यांच्या कानावर आलं. लाट सोडायची, प्रतिध्वनी ऐकायचा आणि वेळेवरून अंतर काढायचं. ही कल्पना त्यांच्या डोक्यात घट्ट बसली.

युद्ध संपल्यावर ते प्रसूतिशास्त्राकडे वळले. त्या काळी जन्मल्याबरोबर श्वास घेता न आल्याने कितीतरी बाळं दगावत. डोनाल्ड यांनी अशा बाळांसाठी श्वास देणारी यंत्रं बनवायला घेतली. त्यातल्या एका यंत्राची युक्ती मला फार आवडली. बाळाने श्वास घ्यायचा थोडासा जरी प्रयत्न केला तरी ते यंत्र तो ओळखायचं आणि त्याच क्षणी हवेचा आधार द्यायचं. बाळाची तयारी नसताना हवा ढकलायची नाही, त्याच्या स्नायूच्या मागून चालायचं. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर असणाऱ्यांनी यातला फीडबॅक ओळखला असेल.

१९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले. एका पेशंटचे पती बॉयलर बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्या ओळखीवर २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड रेनफ्रूच्या कारखान्यात गेले. गाडीच्या डिकीत काय, तर ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी! तुलनेसाठी कारखानावाल्यांनी मांसाचा एक तुकडा आणून ठेवला होता. फ्लॉ डिटेक्टरने पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे दाखवले. डोनाल्ड खूश!

पण हौसेने यंत्र चालत नाही. हाताशी असलेलं जुनं मशीन धड काम करत नव्हतं. तेव्हा गोष्टीत आला टॉम ब्राउन. हा केल्विन अँड ह्यूज कंपनीतला तरुण इंजिनिअर, वय जेमतेम २३. ग्लासगोत एक प्राध्यापक फ्लॉ डिटेक्टर माणसांवर लावून बघतोय हे त्याने ऐकलं आणि सरळ फोन केला. मग चांगलं मशीन मिळवलं, कंपनीकडून ५०० पौंड मंजूर करून घेतले आणि इकडून तिकडून सुटे भाग जमवून १९५७ पर्यंत पोटाचं छेदचित्र दाखवणारा स्कॅनर उभा केला. सोबत डॉ. जॉन मॅकव्हिकर होते. आजच्या जेलऐवजी पोटावर ऑलिव्ह ऑइल लावत!

याच सुमारास एक बाई आल्या. त्यांना बरा न होणारा कॅन्सर आहे असं निदान झालं होतं. मशीनवर मात्र स्वच्छ कडा असलेली एक मोठी गाठ दिसली. ऑपरेशन केलं तर ती अंडाशयाची साधी गाठ निघाली. बाई वाचल्या. ७ जून १९५८ ला लॅन्सेटमध्ये तिघांचा शोधनिबंध आला. त्यावर इंजिनिअर ब्राउनचंही नाव होतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सोनोग्राफीच्या आधी भरपूर पाणी प्यायला सांगतात ना, भरलेल्या मूत्राशयाचा खिडकीसारखा उपयोग करायची ती युक्तीही डोनाल्ड यांचीच.

आता श्वासाकडे येऊ. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा स्नायू असतो, तो म्हणजे श्वासपटल. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि जाड होतो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा हा स्नायू काही दिवसांतच दुबळा होऊ शकतो. नळी लवकर काढली तर पेशंट दमतो आणि पुन्हा नळी घालायची वेळ येते. उशीर केला तर स्नायू आणखी दुबळा. मग करायचं काय?

प्रोब उजव्या बाजूला खालच्या बरगड्यांमध्ये ठेवतात. हवेतून या लाटा पुढे जात नाहीत, म्हणून फुप्फुस आड येणार नाही अशी जागा निवडतात. पडद्यावर दोन चकचकीत रेघा दिसतात, मधला काळसर पट्टा म्हणजे श्वासपटल. श्वास सोडल्यावर जाडी २ मिमी आणि घेतल्यावर २.६ मिमी भरली, तर वाढ ३० टक्के. २० टक्क्यांच्या खाली असेल तर स्नायू कमजोर असल्याची शंका घेतात. अर्थात एकट्या आकड्यावर नळी काढत नाहीत, डॉक्टर बाकीचंही बघतात. आपण नुसता हिशेब करू. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. २ मिमी जायला आणि परत यायला लागतात साधारण २.६ मायक्रोसेकंद! एवढ्याशा वेळेवर एका माणसाबद्दल किती कळतं बघा.

या कथेला दुसरी बाजूही आहे. याच यंत्राने आपल्याकडे पोटातल्या मुली शोधून मारल्या. म्हणून देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. आज खाटेपाशी न्यायच्या छोट्या मशीनचीही नोंदणी करावी लागते. काहींना ही कटकट वाटते, मला ती आपणच ओढवून घेतलेली वाटते. स्वतः डोनाल्ड यांनी ब्रिटनमधल्या १९६७ च्या गर्भपात कायद्याला कडाडून विरोध केला होता. त्यांचं ते मत सगळ्यांना पटेल असं नाही. पण आपल्या यंत्राचा असा वापर झालेला पाहून त्यांना काय वाटलं असतं, हे सांगायला नको.

त्यांचं स्वतःचं हृदय लहानपणापासूनच्या दुखण्याने अधू होतं. हृदयाची तीन मोठी ऑपरेशन्स झाली, तरी १९७६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते काम करत राहिले. १९८७ मध्ये ते गेले.

मित्रांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आपण सीनियर्सच्या जुन्या फाइली चाळत बसतो. त्यापेक्षा एखाद्या सरकारी दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारून बघूया, तुमचं नेमकं अडतंय कुठे? टॉम ब्राउनने फक्त एक फोन केला होता. आपल्या तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.