टेलिफोनवाला मास्तर

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल म्हटलं की आपल्याला टेलिफोन आठवतो. पण हा माणूस स्वतःचा व्यवसाय सांगताना कर्णबधिरांचा शिक्षक असंच सांगे. मला टेलिफोनवाल्यापेक्षा हा मास्तरच जास्त विचारात पाडतो.

१८४७ साली एडिंबरोत जन्मलेल्या बेलच्या आईला फार कमी ऐकू येई. इतरजण तिच्या नळीत ओरडत. हा मुलगा तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खर्जात बोले. वडिलांनी तर उच्चारांची लिपीच बनवली होती. जीभ-ओठ कुठे ठेवायचे, ते अक्षर पाहूनच कळे! ही लिपी घेऊन बेल १८७१ साली बॉस्टनच्या कर्णबधिरांच्या शाळेत आला, तो तिथल्या शिक्षकांना ती शिकवायला. पुढच्या वर्षी त्याने शिक्षक घडवणारा स्वतःचा वर्ग काढला आणि १८७३ मध्ये तो बॉस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाला. मेबल हबर्ड ही त्याची विद्यार्थिनी. पाचव्या वर्षी तापात तिची श्रवणशक्ती गेली होती. १८७६ साली टेलिफोनचं पेटंट मिळालं, १८७७ साली दोघांचं लग्न झालं. पुढे हेलन केलरच्या वडिलांना पर्किन्स शाळेची वाट दाखवली तीही यानेच.

इथवर सारं गोड आहे. पण १८९१ साली वॉशिंग्टनच्या कर्णबधिरांच्या कॉलेजचे प्रमुख एडवर्ड मायनर गॅलोडेट यांनी शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गासाठी अमेरिकन संसदेकडे पैसे मागितले, आणि विरोध करायला उभा राहिला तो बेल! त्याला धास्ती वाटत होती, की या वर्गातून कर्णबधिर तरुणच शिक्षक होतील, शाळांत खुणांची भाषा टिकेल आणि मुलं बोलायला शिकणार नाहीत. कर्णबधिरांनी आपसांत लग्नं करू नयेत, असंही त्याचं मत होतं. १८८३ साली त्याने त्यावर निबंधच वाचला होता. गंमत म्हणजे गॅलोडेट यांची आईसुद्धा कर्णबधिर होती. दोघं अशाच आईच्या पदराखाली वाढलेले. एकाला वाटलं, या मुलांना वाचा द्यावी, दुसऱ्याला वाटलं, त्यांचे हात बांधू नयेत.

वर्ग सुरू झाला, पण ऐकू येणाऱ्यांसाठीच. त्याच कॉलेजात शिकलेल्या कर्णबधिर पदवीधरांना त्यात जागा नव्हती. पुढच्या काही दशकांत अमेरिकेतल्या शाळांमधून कर्णबधिर शिक्षकांचं प्रमाण घसरत गेलं. याचं खापर एकट्या बेलवर फोडणं अन्यायाचं होईल, वाराच तसा वाहत होता. पण स्वतः बोटांची लिपी सफाईने वापरणाऱ्या या माणसाला, ज्यांच्यासाठी जन्म वेचला त्यांच्याच हाती खडू द्यावासा वाटला नाही, हे मला खटकतं.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल गेला. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवले गेले. वॉशिंग्टनचं ते कॉलेज आज गॅलोडेट विद्यापीठ आहे. १९८८ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी फाटकं अडवून धरली, तेव्हा कुठे त्याला पहिला कर्णबधिर अध्यक्ष मिळाला.