पायंडे पाडणारा पहिला अध्यक्ष

१७८९ च्या एप्रिल महिन्यात जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे अध्यक्षपद स्वीकारण्यासाठी व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावरून न्यूयॉर्ककडे निघाला, तेव्हा त्याला देणी भागविण्यासाठी आणि प्रवासासाठी कर्ज काढावे लागले होते. हजारो एकर जमिनीच्या या धन्याजवळ रोख पैसा नव्हता. ज्या राष्ट्राचा तो प्रमुख होणार होता, त्याची अवस्थाही याहून निराळी नव्हती. तिजोरी रिकामी होती आणि युद्धकाळातील कर्जे थकली होती. तेरा राज्यांपैकी नॉर्थ कॅरोलिना व ऱ्होड आयलंड ही दोन राज्ये अद्याप नव्या संघराज्यात सामीलच झालेली नव्हती. ४ मार्चला भरावयाच्या काँग्रेसला गणपूर्ती होण्यासाठी एप्रिल उजाडला. राज्यघटना तयार होती. सरकार मात्र अजून व्हावयाचे होते.

१७३२ साली जन्मलेल्या वॉशिंग्टनचे पितृछत्र तो अकरा वर्षांचा असतानाच हरपले. महाविद्यालयाची पायरी तो कधी चढला नाही. जमीनमोजणीचे काम शिकून त्याने उमेदीची वर्षे व्हर्जिनियाच्या रानावनांत घालविली. १७७५ मध्ये बंडखोर वसाहतींचे सेनापतिपद त्याच्याकडे आले. त्यानंतरच्या आठ वर्षांत त्याने लढाया जिंकल्या त्याहून हरल्या अधिक. पण उपाशी, अनवाणी फौज त्याने मोडू दिली नाही. १७८३ च्या मार्चमध्ये पगार थकलेले अधिकारी न्यूबर्ग येथील छावणीत काँग्रेसविरुद्ध उठण्याची भाषा करू लागले, तेव्हा त्यांना परावृत्त करणारा वॉशिंग्टनच होता. त्याच वर्षीच्या २३ डिसेंबरला ॲनापोलिस येथे भरलेल्या काँग्रेसपुढे जाऊन त्याने सेनापतिपदाचा राजीनामा दिला आणि तो शेतीकडे परतला. विजयी सेनानीने स्वतःच सिंहासनावर बसावे, हा इतिहासाचा सर्वसाधारण रिवाज. तो येथे मोडला गेला.

युद्धानंतरचे मध्यवर्ती सरकार केवळ नावापुरते होते. काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. राज्यांकडे याचना करणे एवढेच तिच्या हाती होते. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केले आणि या व्यवस्थेचे दौर्बल्य उघडे पडले. १७८७ च्या मेमध्ये फिलाडेल्फियात घटना परिषद भरली. वॉशिंग्टन तिचा अध्यक्ष होता. चर्चेत तो क्वचितच बोलला. तथापि त्याची उपस्थिती निर्णायक ठरली. एका व्यक्तीच्या हाती कार्यकारी सत्ता सोपविण्यास सभासद धजावले, याचे एक कारण असे की, त्या जागी प्रथम कोण बसणार याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. आणि झालेही तसेच. निवडणूक मंडळाच्या मतदान करणाऱ्या सर्व ६९ सभासदांनी त्याला मत दिले. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल हॉलमध्ये त्याचा शपथविधी झाला.

घटनेतील शब्द थोडे आणि मोघम होते. अध्यक्षाला कोणत्या नावाने संबोधावे, येथपासून प्रश्न होते. उपाध्यक्ष जॉन ॲडम्स आणि सिनेटमधील काही मंडळी भारदस्त राजेशाही किताबांच्या मोहात होती. प्रतिनिधिगृहाने साधे 'अध्यक्ष' हेच अभिधान कायम केले. काँग्रेसने त्या वर्षी परराष्ट्र, युद्ध आणि अर्थ ही खाती निर्माण केली आणि सहा न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय स्थापन करणारा कायदा केला. थॉमस जेफरसन परराष्ट्रमंत्री, अलेक्झांडर हॅमिल्टन अर्थमंत्री, हेन्री नॉक्स युद्धमंत्री आणि एडमंड रँडॉल्फ ॲटर्नी जनरल झाले. मंत्रिमंडळ हा शब्द घटनेत नाही. वॉशिंग्टनने या सहकाऱ्यांना एकत्र बोलावून सल्ला घेण्यास सुरुवात केली आणि त्या सवयीतून ती संस्था उभी राहिली.

काही पायंडे अपघातानेही पडले. तह करताना सिनेटचा सल्ला घ्यावा असे घटना सांगते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दक्षिणेकडील आदिवासी जमातींशी करावयाच्या तहासंबंधी वॉशिंग्टन जातीने सिनेटमध्ये गेला. सभासदांनी प्रकरण समितीकडे सोपविण्याची सूचना करताच तो चिडला. पुढच्या भेटीत काम उरकले. पण सल्ल्यासाठी तो पुन्हा कधी तेथे गेला नाही. त्याच्यानंतरच्या अध्यक्षांनीही हाच परिपाठ ठेवला.

राज्यांची कर्जे मध्यवर्ती सरकारने उचलावी आणि राष्ट्रीय बँक काढावी, ही हॅमिल्टनची योजना होती. जेफरसनला तीत धनिकांचे राज्य दिसत होते. वॉशिंग्टनने १७९१ मध्ये बँकेच्या विधेयकावर सही करण्यापूर्वी जेफरसन, रँडॉल्फ आणि हॅमिल्टन या तिघांकडूनही लेखी मते मागविली. पहिल्या दोघांनी ते घटनाबाह्य ठरविले. हॅमिल्टनने त्याचे समर्थन केले. ते पटून त्याने सही केली. दोन परस्परविरोधी बुद्धिमंतांना त्याने वर्षानुवर्षे एका टेबलाभोवती बसविले. अखेर दोघेही बाहेर पडले आणि पक्षभेद टळला नाही. पण तोवर सरकारचा गाडा रुळावर आला होता.

१७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियात मद्यावरील कराविरुद्ध उठाव झाला. वॉशिंग्टनने सुमारे तेरा हजारांची फौज उभी केली आणि काही मजल तो स्वतः तिच्याबरोबर गेला. लढाई झालीच नाही, बंडखोर पांगले. राजद्रोहाबद्दल दोषी ठरलेल्या दोघांना त्याने माफी दिली. कायद्याचा अंमल झाला आणि सूडाचे राजकारणही टळले.

परंतु या चरित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. स्वातंत्र्याच्या या सेनापतीच्या मळ्यावर गुलाम राबत होते. राजधानी फिलाडेल्फियात असताना, सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर गुलामाला मुक्ती मागता येईल असा पेनसिल्व्हेनियाचा कायदा होता. तो लागू होऊ नये म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदतीपूर्वी राज्याबाहेर पाठवीत असे. पळालेल्या गुलामांना परत धरून आणण्याच्या १७९३ च्या कायद्यावर सही त्याचीच होती. १७९६ मध्ये ओना जज ही तरुणी त्याच्या घरातून निसटली, तेव्हा तिला परत आणण्यासाठी त्याने खटपट केली. ती अखेरपर्यंत हाती लागली नाही. आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले. ती जाग उशिराची होती. त्याने राष्ट्राला घालून दिलेल्या घडीत हा अन्याय तसाच राहिला आणि पुढे त्याची किंमत यादवी युद्धाने मोजावी लागली.

दोन कारकीर्दींनंतर, १७९६ च्या सप्टेंबरमध्ये, त्याने तिसऱ्यांदा उभे न राहण्याचे जाहीर केले. घटनेने त्याला अडविले नव्हते, आणि लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ साली पुण्यात लोकशाहीच्या यशाच्या अटींविषयी बोलले, तेव्हा त्यांनी वॉशिंग्टनच्या याच वर्तनाचा दाखला दिला होता. हा अलिखित दंडक १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून येईपर्यंत टिकला. १९५१ मध्ये घटनादुरुस्तीने तो लेखी नियम झाला. जी गोष्ट दीडशे वर्षे एका माणसाच्या उदाहरणावर चालली, तिला अखेर कायद्याचा टेकू द्यावा लागला.

४ मार्च १७९७ रोजी जॉन ॲडम्सचा शपथविधी झाला. समारंभ संपताच वॉशिंग्टनने नव्या अध्यक्षाला आणि उपाध्यक्ष जेफरसनला पुढे जाऊ दिले आणि त्यांच्या मागून तो सभागृहाबाहेर पडला. पुढे पावणेतीन वर्षांनी, १४ डिसेंबर १७९९ रोजी, माउंट व्हर्नन येथे त्याचा अंत झाला. मृत्युसमयी त्याच्याकडे अध्यक्षपद नव्हते आणि ज्या खुर्चीवर तो प्रथम बसला होता, तिच्यावर लोकांनी निवडलेला दुसरा माणूस बसलेला होता.